चिंबोरीसाठी कायाक: इच्छुकांना काही सूचना

कोकणच्या खाडीत रात्री चिंबोरी धरायला काय काय लागते, असे तिथल्या माणसाला विचारले तर तो सांगेल: एक विजेरी, एक गोणपाट आणि तोंड मिटून चालणारा सोबती. मुंबई-पुण्याच्या इच्छुकाकडे विजेरी मोबाइलमध्ये असते, गोणपाट घरात कुणी येऊ देत नाही आणि तोंड मिटून चालणारा मित्र अजून जन्माला यायचा आहे. म्हणून त्याला कायाक घ्यावी लागते.

प्रस्तुत मार्गदर्शन रेवदंड्याच्या खाडीपुरते आहे. कुंडलिका नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रेवदंडा, पलीकडे कोर्लईचा डोंगर, त्यावर किल्ला, खाली दीपगृह आणि आत शिरले की काठाकाठाने कांदळवन. दक्षिणेकडच्या वाचकांनी चिंबोरीच्या जागी कुर्ली वाचावे. बाकी सूचनांत फरक नाही, चिखल सगळीकडे सारखाच.

कायाकबद्दल थोडक्यात. आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांनी ही होडी सीलच्या शिकारीसाठी घडवली. सांगाडा लाकडाचा किंवा हाडांचा, त्यावर सीलचेच कातडे. त्यांच्याकडे कांदळवन नव्हते आणि सोमवारी सकाळी नऊची मीटिंगही नव्हती, त्यामुळे त्यांचा अनुभव आपल्याला फारसा उपयोगी नाही. आपण हवा भरायची कायाक घ्यावी. ती डिकीत मावते, वजनाला बारा-पंधरा किलो असते आणि कालवांनी भरलेल्या खडकाला नुसती घासली तरी तिची हवा जाते. कालवाच्या शिंपेची धार दाढीच्या पात्याला ऐकत नाही. दुरुस्तीची चिकटपट्टी सोबत येते. ती कोरड्या जागी लावावी, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते.

आता मुख्य विषय, म्हणजे वेळ. हौशी माणूस वेळेकडे सगळ्यात शेवटी येतो. आधी वल्ही, मग लाइफ जॅकेट, मग डोक्याला बांधायची विजेरी, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ग्रुपला नाव, ग्रुपचा फोटो, आणि मग कुणीतरी लिहितो, "येत्या शनिवारी जाऊ." खाडीला शनिवार कळत नाही. तिला तिथी कळते. कोळीवाड्यातले भरतीचे गणित पिढ्यान् पिढ्या तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती दिवसातून दोनदा, म्हणून हीच वेळ दिवसाही धरायची आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा तास मागेपुढे होतो, पण या गणिताला रेंज लागत नाही आणि चार्जिंगही लागत नाही. भिंतीवर कॅलेंडर असले की झाले. एरवी त्यावर दुधाचा हिशेब लिहितात, त्याच्याच शेजारी आपली मोहीम लिहावी.

चिंबोरी दिवसा बिळात नाहीतर चिखलात पुरून बसते. काळोख पडला की खायला निघते आणि चढत्या पाण्याबरोबर तिवरांच्या मुळांत शिरते. म्हणजे आपल्याला रात्र हवी, चढते पाणी हवे, आणि परत काठाला लागेपर्यंत कायाकखाली पाणी शिल्लक हवे. अष्टमीला गेलात तर संध्याकाळी सहाला खाडी तुडुंब भरलेली दिसते, फोटो उत्तम येतात आणि मध्यरात्री तुम्ही चिखलावर बसलेले असता. तेव्हा चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंतच्या रात्री धराव्यात. दहाला पाण्यात उतरावे आणि भरती उलटली की तासाभराच्या आत बाहेर यावे. त्यातही जाणते लोक अमावास्येला कौल देतात. काळोखातली चिंबोरी भरलेली, चांदण्यातली पोकळ, हे किनाऱ्यावर कुठेही ऐकायला मिळते आणि त्यावर वाद घालायची सोय नाही, कारण वाद घालणाऱ्याला पोकळ चिंबोरी देण्यात येते.

शनिवारी अमावास्या येते ती सरासरी सात महिन्यांतून एकदा. म्हणजे शनी अमावास्या. त्या रात्री ऐन बाराच्या सुमारास काळ्या पाण्यात जाणार आहोत, हे घरी कसे सांगावे? सांगू नये. शनिवारी घरात सामिष चालत नसेल तर मात्र काळजीचे कारण नाही: बारानंतर धरलेली चिंबोरी रविवारची समजतात. (पहिली चिंबोरी पावणेबाराला मिळाली तर घड्याळ मागे आहे असे म्हणावे.) पावसाळा आपोआप वगळला जातो. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कायाकला इंजिन नाही, सबब बंदी लागू नाही, असा बिनतोड मुद्दा मांडणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तो स्वतः कधी येत नाही. त्यानंतर श्रावण. श्रावणानंतर गणपती, पितृपक्ष, नवरात्र. जी एखादी रात्र उरते तिला कुणाच्या तरी साखरपुड्याची तारीख असते. एवढे कडक पाळायचे नसेल तर चतुर्दशीला किंवा प्रतिपदेला जावे आणि बोलताना अमावास्याच म्हणावे.

आमिषाला कोंबडीचे पाय किंवा माशांची डोकी. ताजेपणाचा आग्रह नसावा; चिंबोरी वासावर येते, तेव्हा किंचित उतरलेले आमिष बरे. फक्त ते गाडीत विसरू नये. सापळा साधा असतो: लोखंडी कड्याला जाळे, जाळ्याच्या मध्यावर आमिष घट्ट बांधलेले, कड्याच्या तीन दोऱ्या वर एकत्र करून एक लांब दोरी, आणि तिच्या टोकाला तरंगायला रिकामी बाटली. असे पाच-सहा सापळे कांदळवनाच्या कडेने दहा-पंधरा हातांवर टाकत जावे आणि बाटलीला चमकणारी पट्टी लावावी. पट्टी नसेल तर आपली बाटली काळोखात सापडत नाही, दुसऱ्याची सापडते. ती उचलू नये. खाडीत पोलीस नसतात, पण मालक असतो आणि तो फार लांब नसतो.

पाव तासाने पहिल्या बाटलीशी परत यावे. दोरी आस्ते आस्ते ओढली तर चिंबोरी जाळ्याच्या काठावरून उतरून निघून जाते. एकदा ओढायला लागले की थांबायचे नाही. अडचण अशी, की जोरात ओढताना माणूस बाजूला झुकतो आणि माणूस झुकला की कायाकही झुकते. म्हणून मागच्याने विरुद्ध बाजूला कलावे. मागच्याला ही सूचना आधी द्यावी, पाण्यात पडल्यावर नव्हे. डोक्यावरची विजेरी लावून एकमेकांकडे बघून बोलू नये. दोघेही आंधळे होतात आणि तेवढ्यात कांदळवनातले सगळे चिलट दोघांच्या कपाळाशी जमते. हिवाळ्यात कधी कधी वल्हे मारताच पाण्यात निळ्या ठिणग्या उडतात. सूक्ष्म समुद्री जीवांचा तो उजेड असतो. तो बघत बसणाऱ्यांनी घड्याळही बघावे.

समजा, सापळा वर आला आणि त्यात चिंबोरी आहे. इथपर्यंत फार थोडे लोक पोचतात, त्यामुळे पुढे काय करायचे याचा विचार सहसा कुणी केलेला नसतो. कायाकमध्ये माणूस पाय पुढे पसरून बसतो. सापळा आत घेतला की तो कुठे येतो, हे निघण्यापूर्वी घरच्या फरशीवर बसून पाहून घ्यावे. अर्ध्या-पाऊण किलोचा नर, शेवाळी काळपट पाठ, डोळ्यांच्या दोन्ही अंगांना कवचाच्या कडेवर नऊ-नऊ दात, मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे, आणि पुढे शिंपले फोडायच्या दोन नांग्या वर करून तो तुमच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा असतो. तो पळत नाही. जागा त्याला पसंत पडलेली असते. अशा वेळी उठून उभे राहण्याची जी प्रबळ इच्छा होते ती दाबावी. झाकणाची बादली पायांपाशी आधीपासून हवी. सापळा तिच्यातच उपडा करावा आणि झाकणावर वजन ठेवावे. बादली मागच्याकडे असेल तर ती पुढे मागताना आवाज शांत ठेवावा.

बोट सापडलेच तर ओढाओढ करू नये. ओढले की पकड आवळते. हात चिंबोरीसकट पाण्यात सोडावा, बहुतेक वेळा ती सोडून जाते. कधी कधी नांगी बोटाला ठेवून स्वतः तेवढी जाते. पुढे कात टाकताना तिला नवी नांगी फुटते. बोटाच्या बाबतीत अशी व्यवस्था नाही.

काठावर आल्यावर चिंबोऱ्या बांधाव्यात. मागून पाठीवर पाय दाबून धरायचा, नांग्या मिटवायच्या आणि सुतळीने आवळायच्या. मग ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवल्या की त्या पाण्याबाहेरही दिवस-दिवस जगतात. टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक सभेत सांगितली जाते. सांगणाऱ्याने कधी चिंबोऱ्या न बांधता ठेवलेल्या नसतात. त्या पाय ओढत नाहीत, मोडतात, आणि जमल्यास खातात.

बार्जेसची वाट, मगरी वगैरे किरकोळ बाबी. साळावच्या बाजूला बार्जेसची ये-जा असते. त्यांना तुम्ही दिसत नाही, तेव्हा मधल्या खोल पाण्यात जाऊ नये. मगरी इथल्या नव्हेत. पण हेच मार्गदर्शन घेऊन कुणी चिपळूणकडे वाशिष्ठीत उतरणार असेल, तर विजेरीच्या झोतात लालसर चमकणारे दोन डोळे चिंबोरीचे नसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आता चिखल. ज्याने वरची तिथीची सूचना वाचून सोडून दिली, त्याच्यासाठी हा भाग आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी. सुकती लागल्याचे कळत नाही. पाणी आवाज न करता जाते. आधी वल्ह्याचे पाते खाली टेकते, मग कायाक गोल फिरते, मग फिरायची थांबते. मोबाइलच्या नकाशात तुम्ही खाडीच्या मधोमध निळ्या रंगात असता. काठ पन्नास पावलांवर दिसतो आणि उतरून चालत जावे असे वाटते. उतरू नये. पहिल्या पावलाला घोटा जातो, दुसऱ्याला गुडघा, तिसरे पाऊल उचलायला गेले की चप्पल तिथेच राहते आणि पाय वर येतो, किंवा पाय राहतो आणि आपण पुढे येतो. उतरलाच असाल तर उभे राहू नये. कायाकवर छातीने आडवे पडावे आणि गुडघ्यांनी रेटत काठाकडे सरकावे. हे दृश्य बघायला त्या वेळी कुणीही नसते, असे तुम्हाला वाटते.

पण नेमक्या याच वेळी कांदळवनाच्या कडेने लुंगी खोचलेले एक काका येतात. हातात बॅटरी, खांद्याला गोणपाट, गोणपाटात वळवळ. खाली कडक जमीन कुठून कुठे जाते हे त्यांना पायांनी पाठ असते. ते थांबतात, बॅटरी कायाकवर फिरवतात, मग तुमच्यावर.

"पाण्याची वाट बघताव का दादा?"

तुम्ही हो म्हणावे. दुसरे उत्तर नाही.

"येल. सकाली येल."

यानंतर त्यांना चिंबोऱ्यांचा भाव विचारू नये. त्या क्षणी तुमच्याशी घासाघीस करायची त्यांना गरज नाही, हे दोघांनाही कळलेले असते. उरलेल्या वेळात बादलीतला माल विजेरीखाली तपासून घ्यावा. उलटी करून पोटाची झडप बघावी: अरुंद आणि टोकदार असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. झडपेखाली बाहेर अंड्यांचा घड दिसला तर ती समुद्राकडे निघालेली मादी आहे. पाणी आले की सोडून द्यावी. तळहातापेक्षा लहान असेल तीही सोडावी. मागच्या पायाशी पोट दाबले की दबत असेल तर नुकतीच कात टाकलेली, आत मांस कमी आणि पाणी फार. तिला ठेवून उपयोग नाही. एवढी छाननी झाली की बादलीत साधारण दोन उरतात.

दोन चिंबोऱ्यांत आठ माणसांचे कालवण होते. बारीक पाय तोडून मिक्सरमध्ये पाण्यासकट फिरवावेत, गाळून ते पाणी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडावे. रस्सा वाढतो आणि चिंबोरीची सगळी चव त्यात उतरते. कवचाचे दोन तुकडे, चार नांग्या ठेचून आत. बटाटे घालायला हरकत नाही, पण बटाटा किती घातला हे बघायला पाहुण्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. वाढताना नांगी आधी त्या माणसाच्या ताटात पडावी ज्याच्या गॅलरीत कायाक वाळत घालायची आहे. खाडीचा चिखल दोन धुण्यांत जात नाही, वास तर चार दिवस राहतो, आणि हा विषय त्याचा दुसरा भात होईपर्यंत काढायचा नाही.