हायब्रीड मोटारीचा दिग्रस-प्रवेश

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे धावंडा नदीकाठचे तालुक्याचे गाव कापसासाठी, घंटीबाबांच्या देवस्थानासाठी आणि जवळच्या अरुणावती धरणासाठी भोवतालच्या मुलखात परिचित असले, तरी मोटारीच्या इंधनाविषयी या गावाने जी सूक्ष्म समाजदृष्टी जोपासली आहे, तिची दखल भूगोलाच्या पुस्तकांनी अद्याप घेतलेली नाही. येथे गाडीची कंपनी दुरून ओळखली जाते आणि किंमत अंदाजाने ठरवली जाते, परंतु मालकाची खरी पारख होते ती ‘कोन्तं तेल पेते जी?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून. आणि ज्या गाडीपाशी या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नसते, तिच्या मालकाची वेस ओलांडताच पंचाईत होते. असा मालक बहुधा गावचा जावई असतो, कारण हायब्रीड मोटार घेऊन पुण्याहून स्वेच्छेने, एप्रिल महिन्यात, दिग्रसला येणारी अन्य कोणतीही जात ज्ञात नाही.

ज्या मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही यंत्रे असून चाके फिरवण्याचे काम ती आळीपाळीने किंवा मिळून करतात, तिला हायब्रीड म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोहनर कारखान्यासाठी अशी गाडी तयार केली होती, आणि टोयोटाने १९९७ मध्ये जपानात प्रियस विकायला काढून ती कल्पना बाजारात रुजवली. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. परंतु त्यांच्या किमती पाहता त्या पुण्यातच दुर्मीळ होत्या, मग दिग्रसचे काय सांगावे. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्यांचे हायब्रीड अवतार आले तेव्हा कुठे ही वस्तू नोकरदार जावयाच्या हप्त्यांत बसू लागली. यातही दोन वर्ण आहेत. ‘स्ट्राँग’ हायब्रीडमधील मोटर इंजिन बंद असतानाही गाडी काही अंतर ओढते. ‘माइल्ड’ हायब्रीडमधील मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटीने गाडी जागची हलवू शकत नाही, तथापि मागच्या दारावर ‘हायब्रीड’ ही अक्षरे तिच्याही मिरवत असतात आणि सासुरवाडीत हा फरक उघड करण्याचे कारण जावयाला सहसा पडत नाही.

प्रवासाचा पहिला टप्पा म्हणजे छत्रपती संभाजीनगरनंतर लागणारा समृद्धी महामार्ग. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि नेमकी तीच हायब्रीडच्या मुळावर येते. साध्या गाडीचा ब्रेक दाबला की तिचा वेग चाकांपाशी उष्णता होऊन वाया जातो, तर हायब्रीडमध्ये त्या क्षणी मोटर उलट कामाला लागते, जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या वेगातून वीज काढून बॅटरीत ठेवते. यासाठी अर्थातच ब्रेक दाबावा लागतो. समृद्धीवर तासन्‌तास ब्रेक दाबण्याचे कारण नसते, वेगाबरोबर हवेचा अडसर मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो, आणि परिणामी कागदावर लिटरला जवळजवळ २८ किलोमीटर देणारी गाडी पडद्यावर जो आकडा दाखवू लागते तो पाहून जावई तो पडदा गाण्यांच्या यादीने झाकून टाकतो. याच वेळी एखादी विजेवर चालणारी मोटार त्याला मागे टाकून निघून जाते. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला या रस्त्यावर टोलही माफ आहे. वस्तू व सेवा करातही तिला ५ टक्क्यांत सोडले जाते आणि मोठ्या हायब्रीडवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी उपकरासह ४३ टक्के होते, ते त्यानंतर ४० झाले. म्हणजे सरकारदरबारीही हायब्रीडला विजेच्या पंगतीत पाट मिळालेला नाही. पेट्रोलवाले तिला विजेची समजतात, वीजवाले पेट्रोलची समजतात आणि करवाले श्रीमंताची समजतात.

कारंजा लाड येथे महामार्ग सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागताच गाडीचे नशीब पालटते. गतिरोधक, बैलगाड्या, शेळ्यांचे कळप, आडव्या येणाऱ्या मोटारसायकली आणि वळणावर गप्पा मारत उभी असलेली माणसे यांमुळे येथे दर शंभर पावलांवर ब्रेक दाबावा लागतो, आणि जे अडथळे इतर वाहनांच्या चालकांना शिव्या सुचवतात तेच हायब्रीडच्या पोटात वीज भरत असल्याने जावई शेळ्यांकडे कृतज्ञतेने पाहू लागतो. दारव्हा हे इंधनाच्या इतिहासात विसावा घेण्याजोगे ठिकाण आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी, ‘शकुंतला’ या लाडक्या नावाची अरुंद रुळांची आगगाडी येथूनच जात असे. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातलेल्या या रुळांवर मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत कोळसा खात होते आणि त्यानंतर डिझेलचे इंजिन आले. इंधन बदलले म्हणून तिची चाल बदलली असे म्हणण्यास मात्र आधार नाही. आता तीही थांबली आहे आणि दिग्रसकडे येणारा वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद मार्ग बांधला जात आहे. तोवर दिग्रसकराच्या वाट्याला रस्ता आहे, आगारातली एस.टी. आहे आणि काळीपिवळी आहे. काळीपिवळी म्हणजे ठरावीक मार्गावर माणशी भाडे घेऊन धावणारी जीप. तिच्या आसनसंख्येची व्याख्या अजून कोणाला करता आलेली नाही.

दिग्रसच्या चौकात हायब्रीड मोटारीवर ओढवणारा पहिला प्रसंग तिच्या मौनामुळे उद्भवतो. गर्दीत गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होते, हे तिचे भूषण असले तरी चौकातील अनुभवी मंडळींच्या दृष्टीने थांबलेली आणि आवाज न करणारी गाडी ही बंद पडलेली गाडी असते, आणि बंद पडलेली गाडी पाहून हात बांधून उभे राहणे हा वऱ्हाडात असभ्यपणा मानला जातो. ‘बंद पडली वाट्टे. लोटा रे पोट्टेहो!’ अशी हाक उठते आणि जावयाने काच खाली करून खुलासा करेपर्यंत चार-पाच तरुण मागून गाडी लोटू लागलेले असतात. त्याच वेळी मोटर विजेवर गाडी पुढे नेते, ती निःशब्द हलते, आणि लोटणाऱ्यांचा असा पक्का समज होतो की ती त्यांच्याच जोरावर चालली आहे. त्यांचे आभार मानण्याखेरीज जावयापुढे मार्ग उरत नाही.

यानंतर सासऱ्यांच्या अंगणात भरणारी सभा ही या प्रवासातील विद्वत्सभाच होय. तिच्यात इंधनांची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर डिझेल, कारण ते ट्रॅक्टर पितो, ट्रक पितो आणि पुढाऱ्याची गाडीही पिते. शिवाय अडीअडचणीला ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधून ते गाडीत ओतता येते, ही सोय अन्य कोणत्याही इंधनात नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले आणि डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारने धरून ठेवले, त्या चार वर्षांतल्या दरांच्या तफावतीने डिझेल गाडी घेणारा तो हिशेबी, असा जो लौकिक झाला, तो दर जवळ आल्यावरही उतरलेला नाही. पेट्रोल हे पगारदाराचे आणि नव्या नवरदेवाचे इंधन मानले जाते. गॅसवर चालणाऱ्या गाडीला मान नाही, कारण मागची जागा टाकी अडवते आणि अहेराची भांडी मांडीवर घेऊन बसावे लागते. त्यातून एके काळी व्हॅनमध्ये स्वयंपाकाचा सिलिंडर लावून प्रवासी वाहण्याचा उद्योग अनेक गावांनी पाहिला असल्याने गॅसच्या गाडीत बसताना वडीलधारी माणसे अजूनही एकदा मागे वळून पाहतात. विजेची गाडी ही कौतुकाची वस्तू खरी, परंतु जेथे कृषिपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते आणि ओलितासाठी शेतकरी मध्यरात्री शेतावर जातो, तेथे गाडीने रात्रभर आयती वीज प्यावी ही कल्पना थोडी अपमानास्पदही वाटते.

या उतरंडीत हायब्रीडला कोठे बसवावे याचा निर्णय होत नाही, म्हणून उलटतपासणी सुरू होते. ‘जवाईबुवा, चार्जिंगले लावा लागते का?’ या प्रश्नाला नाही असे उत्तर मिळाल्यावर ‘मंग करंट कुठून येते?’ असा प्रश्न येतो, आणि ब्रेकमधून येतो हे उत्तर ऐकून सभेत जी शांतता पसरते ती जावयाच्या शिक्षणाविषयीच्या फेरविचाराची असते. बॅटरी किती मोठी, याचे खरे उत्तर देणे धोक्याचे असते; हायरायडरसारख्या गाडीच्या बॅटरीत सुमारे पाऊण युनिट वीज मावते, आणि वीजबिलातील युनिट म्हणजे काय हे प्रत्येकाला तोंडपाठ असल्याने लाखो रुपये देऊन पाऊण युनिटाची सोय करणाऱ्या माणसाकडे सभा करुणेने पाहू लागते.

हायब्रीडविषयीच्या या संशयाची मुळे मोटारीत नसून ज्वारीत आहेत. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईक यांचे गाव. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असताना राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण व्हावे म्हणून त्यांनी संकरित बियाण्याचा जो हिरिरीने पुरस्कार केला, त्यामुळे ‘हायब्रीड’ ही संज्ञा या भागातल्या शेतकऱ्याला प्रियस जन्माला येण्याच्या तीस वर्षे आधीपासून ठाऊक आहे. १९६४ मध्ये प्रसारित झालेली सीएसएच-१ ही ज्वारी बुटकी होती, लवकर तयार होई आणि भरघोस पिके. परंतु ती पावसातच कापणीला येत असल्याने दाणा काळा पडे, भाकरीला जुन्या ज्वारीची चव नसे आणि कडबा इतका आखूड की बैलाने नाराजी दाखवावी. पोटे भरली ती हायब्रीडने आणि नावेही ठेवली गेली हायब्रीडलाच. नव्या पिढीतील कोणीही पोते उचलताना धापा टाकू लागला की तो हायब्रीडवर वाढला असल्याचे निदान आजही केले जाते. कापसात १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण आला आणि २००२ पासून बीटी आले तेही संकरितच. यातील खरी गोम अशी की संकरित पिकाचे बी राखून पुढल्या वर्षी पेरले तर पीक तसे येत नाही आणि शेतकऱ्याला दर मृगाआधी दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते. त्यामुळे जी वस्तू पहिल्या वर्षी उदंड देते तिच्यात पुढे कोठेतरी खर्चाचा खड्डा असतो, हा नियम येथील माणूस अनुभवाने शिकला आहे आणि ‘बॅटरी गेली त मंग?’ हा त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नसून पन्नास वर्षांच्या जमाखर्चातून निघालेला आहे. कंपनी बॅटरीची आठ वर्षांची हमी देते असे जावई सांगतो; बियाण्याच्या पिशवीवरही उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते, एवढेच सासरे म्हणतात.

पेट्रोलपंपावर वेगळे प्रकरण उभे राहते. ‘झिरो बघा’ असे सांगून नळी लावली जाते, परंतु त्या नळीतून येणारे पेट्रोलही आता निव्वळ पेट्रोल नसते. त्यात ऊस, मका आणि तांदूळ यांपासून काढलेले इथेनॉल २० टक्के मिसळलेले असते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या लिटराहून सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. ते पाणी शोषते, त्यामुळे पंपावरील चर्चेत त्याला थेट पाणीच ठरवले जाते. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये इथेनॉल आणि वीज अशा दोहोंवर चालणारी इनोव्हा लोकांपुढे आणली, तेव्हा शेतकऱ्याला गाडीची टाकी भरणारा म्हणून गौरवण्यात आले. दिग्रसच्या शेतकऱ्याची अडचण एवढीच की तो प्रामुख्याने कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवतो, आणि या तिन्हींपैकी एकही त्या टाकीत जात नाही.

रामनवमीला सासुरवाडीची मंडळी गाडीत बसवून जावई शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला निघतो, आणि बंजारा समाजाच्या या तीर्थक्षेत्री हायब्रीडचे पूर्ण तेज प्रकट होते. देशभरातून आलेले भाविक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, जीपा आणि एस.ट्यांच्या रांगा यांमधून गाडी चालण्याऐवजी सरपटते. पाच पावले पुढे, ब्रेक, पुन्हा पाच पावले. समृद्धीवर लाज आणणारा आकडा येथे चढत चढत कंपनीच्या दाव्याला भिडतो, जावई गाण्यांची यादी बाजूला सारून तो सर्वांना दाखवतो, आणि एवढे चांगले ॲव्हरेज हवे तर रोज यात्रा भरली पाहिजे, असा निष्कर्ष मागच्या आसनावरून ऐकू येतो. गाडी उभी केल्यावर बाहेर ऊन मी म्हणत असते. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर गारवा चालवता येतो, हे मेहुण्याने शेजारच्या ट्रॉलीतील आजीबाईंना सांगितल्यावर त्या, त्यांच्या दोन सुना आणि नातवंडे गाडीत येऊन बसतात. आवाज नाही, धूर नाही आणि माघात असावी तशी थंडी, हे पाहून हायब्रीडला दिग्रस मुक्कामात प्रथमच आशीर्वाद मिळतो.

पाऊण युनिटाला अर्थातच मर्यादा असते. थोड्याच वेळात बॅटरी उतरते आणि ती भरण्यासाठी इंजिन कोणी हात न लावता सुरू होते, तसा सुना ओरडून मुलांसह बाहेर उड्या मारतात. आजीबाई मात्र बसून राहतात आणि हे कसे झाले ते विचारतात. जावई पहिल्यापासून सांगतो, की बॅटरीतील वीज ब्रेकमधून आणि इंजिनातून येते, ब्रेकमधील वेग इंजिनाने दिलेला असतो आणि इंजिन पेट्रोलवर चालते.

‘म्हंजे शेवटी तेलच पेते,’ आजीबाई म्हणतात.

बाहेरून लावून भरता न येणाऱ्या हायब्रीडमधील ऊर्जेचा प्रत्येक कण अखेर पेट्रोलमधूनच येतो, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकांना समजावून सांगायला एक प्रकरण लागते. जावई ते वाक्य खोडून काढण्यासाठी तोंड उघडतो आणि मिटतो. तेवढ्यात ट्रॅक्टरवाला ट्रॉली जोडून हाक मारतो, आणि आजीबाई पुढच्या वर्षी डिझेलची आणा म्हणजे जास्त माणसे बसतील, असे सांगून उतरतात.