याचिकेचा मुहूर्त

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, तेव्हा आपल्या सिल्लोड मतदारसंघात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक होता २,४२० मतांचा. एवढ्या फरकात चार गावांची भावकी इकडची तिकडे झाली तरी आमदार बदलतो. त्यामुळे सोयगाव बसस्थानकासमोर कट चहा पिणाऱ्या प्रत्येकाची खात्री होती की ही निवडणूक आपणच जिंकून दिली, नाहीतर आपणच पाडली. आणि अशा निकालानंतर जे वाक्य हमखास ऐकू येतं, तेही आलं : “कोर्टात जायला पाहिजे.”

म्हणणारा स्वतः कधी जात नसतो. तो दुसऱ्याला पाठवतो.

तर आजचं सदर पडलेल्या उमेदवारांच्या सेवेसाठी. आमदारकीला पडलेले, झेडपीला पडलेले, सरपंचकीला सहा मतांनी पडलेले, सगळ्यांना चालेल. लग्नाचा, वास्तुशांतीचा, बोअर मारायचा मुहूर्त आपण काढतो. मग सत्तेवर बसलेल्या माणसाच्या प्रचारावर दावा ठोकायचा मुहूर्त तरी पंचांगाशिवाय का काढावा? हे पंचांग दिल्लीत छापलंय. नाव, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१.

त्यात तीन घड्याळं आहेत. पहिलं तुमचं : निकालापासून ४५ दिवस. सेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर आजारपण, लग्नसराई, एस.टी.चा संप, काहीही सांगा, एका दिवसाचा उशीरसुद्धा माफ होत नाही. दुसरं उच्च न्यायालयाचं : सहा महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा अदबीने सुचवतो. तिसरं घड्याळ आमदारसाहेबांचं : पाच वर्षं, बिनशर्त. पहिलं घड्याळ मिनिटाला पक्कं आहे, तिसरंही पक्कं आहे. मधलं तेवढं आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्यासारखं आहे.

खर्चाचं म्हणाल तर कायदा गरिबांचा कैवारी आहे. २०२४ मध्ये मतदान यंत्रातली मेमरी तपासून हवी असेल तर निवडणूक आयोगाकडे एका संचामागे ४७,२०० रुपये भरावे लागत होते. सगळी निवडणूकच रद्द करा म्हणायला मात्र अनामत २,००० रुपये. एवढ्यात मोबाईलही येत नाही. बाकीचा खर्च वकिलांचा, पण तो कायद्यात लिहिलेला नसल्यामुळे त्याला मर्यादाही नाही.

सोयगावकराला याशिवाय प्रवासखर्च. आपला बाजार जळगाव-पाचोऱ्याचा, न्याय मात्र संभाजीनगरचा. पहाटेची गाडी धरायची, हळदा घाट चढायचा, सिल्लोड मागे टाकायचं आणि शंभरेक किलोमीटरवरच्या खंडपीठात उभं राहायचं. याचिकेच्या जितक्या प्रती तितक्या प्रतींवर आपल्या हाताने ‘खरी प्रत’ लिहून सही करायची. आयुष्यभर ज्याने जाहीरनामासुद्धा न वाचता सही केली, त्याला प्रत्येक प्रतीवर सही करताना पहिल्यांदा कळतं की आपण काय काय आरोप केलेत. एखाद्या प्रतीत सही राहिली की समोरचे वकील गालात हसतात. अनामत नाही, चुकीचे प्रतिवादी केले, असल्या चुकांवर पैशावाटपाचा मुद्दा उघडायच्या आतच याचिका निकालात निघते. आपल्याकडच्या कितीतरी निवडणूक याचिका अशा, आरोपाचा ‘आ’ न उच्चारता, स्वर्गवासी झालेल्या आहेत.

आता मुळातली अडचण. दावा करायचा कोणावर? अमेरिकेत सोय आहे. तिथे प्रचार ही स्वतंत्र संस्था असते, तिचं बँकेत खातं असतं, तिच्या नावाने समन्स निघतं. १७ जून १९७२ ला वॉटरगेट इमारतीत चोर सापडले. तिसऱ्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रचार समितीवर दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तीन दिवसांत! आपल्याकडे तीन दिवसांत पंचनाम्याला पंच मिळत नाहीत. मुहूर्त कसा लागला? नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून परत आले. मग ऑगस्ट १९७४ मध्ये ज्या दिवशी त्यांनी व्हाइट हाऊस सोडलं, त्याच दिवशी दाव्यात साडेसात लाख डॉलरवर तडजोड झाली. गडी गेला तेव्हा पैसे मिळाले.

त्याच पक्षाला ४६ वर्षांनी पुन्हा उबळ आली. २० एप्रिल २०१८ ला ट्रम्प यांची प्रचार समिती, रशिया आणि विकिलीक्स यांच्यासह अनेकांना एकाच दाव्यात ओवलं. पुढे सहा महिन्यांवर मधल्या निवडणुका, शेजारी विशेष तपास चालू. पक्षातलेच काही जण कुरकुरले की हे आता मध्येच कशाला. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. रशियाला समन्स बजावायला गेलेल्या बेलिफाचं काय झालं असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे बेलिफ तालुक्यातल्याच बनोटीला जायचं म्हटलं तरी दुपारची गाडी बघतो.

आपल्याकडे प्रचाराला भोंगे असतात, रिक्षा असतात, पाच-पंचवीस हजार हातपाय असतात, पण कायद्यात त्याला अंगच नाही. दावा उमेदवारावर. आणि पक्षाने देशभर जो जनरल प्रचार केला, विमानं उडवली, स्टार प्रचारक फिरवले, तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. पक्षाच्या खर्चाला मुळात मर्यादाच नाही. उमेदवाराला विधानसभेला ४० लाख. त्यात तो चहा, वडापाव, मांडवाच्या खुर्च्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाप्रमाणे लिहितो. ही खर्चाची वही कधी मिळाली तर जरूर वाचा. इतकी काटकसर करणारा माणूस आपला आमदार आहे हे वाचून ऊर भरून येतो.

या काटकसरीचा आद्यग्रंथ आपल्या मराठवाड्यातच लिहिला गेला. २००९ ची भोकरची निवडणूक. उमेदवार म्हणजे विद्यमान मुख्यमंत्री अशोक चव्हाण. वर्तमानपत्रांत त्यांच्या कारकिर्दीच्या कौतुकाच्या पानंच्या पानं पुरवण्या, आणि हिशेबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च ५,३७९ रुपये. एवढ्यात माझ्या मेहुण्याच्या वाढदिवसाची पाव पानाची शुभेच्छाही बसत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं, पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली आणि गाडी सुरू झाली. आयोगाला हिशेबाचा खरेखोटेपणा तपासायचा अधिकार आहे की नाही, एवढ्याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला मे २०१४ उजाडला. आहे, असं उत्तर आलं. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नीट नाही म्हणून नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती नोटीस रद्द केली. तोवर २००९ ची विधानसभा संपायला आली होती, चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून खासदार झाले होते, आणि ऑक्टोबरात भोकरला किन्हाळकर भाजपच्या तिकिटावर पुन्हा उभे होते. समोर अशोकरावांच्या पत्नी अमिता चव्हाण. पुन्हा पडले. तक्रार मुख्यमंत्र्यावर केली तेव्हा ती मुख्यमंत्र्याची होती, निकाल आला तेव्हा ती इतिहासाची झाली होती.

मुंबईवाल्यांचा मुहूर्त याहून बरा असेल असं वाटत असेल तर ऐका. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांची भाषणं झाली. त्या भाषणांवरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये विजयी रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला शिक्कामोर्तब केलं. आणि ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढल्याचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. भाषण ऐकायला खांद्यावर बसून आलेलं पोर तोवर स्वतः मतदानाच्या वयाला टेकलेलं असणार. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी यांच्या दादरच्या निवडणुकीचाही निकाल लागला, आणि तो त्यांच्या बाजूने लागला. निवडणूक होती १९९० ची. ती विधानसभा केव्हाच विसर्जित झालेली, पुढची निवडणूक जिंकून जोशी सर नऊ महिने मुख्यमंत्री झालेले. विरुद्ध निकाल लागला असता तर जी खुर्ची आता अस्तित्वातच नव्हती, तिच्यावरून त्यांना उठवायचं कसं, हा पेच न्यायमूर्तींना पडला नाही एवढं बरं. सहा वर्षांच्या अपात्रतेची टांगती तलवार मात्र खरी होती.

देवेंद्र फडणवीसांचा योग तर ज्योतिषांनी अभ्यासावा. २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख नव्हता म्हणून नागपुरात तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं, खटला चालू द्या. मतदान २१ ऑक्टोबरला. विद्यमान मुख्यमंत्री, अंगावर खटला आणि पुढे वीस दिवस. विरोधकांनी याहून चांगला मुहूर्त मागून घेतला असता तरी मिळाला नसता. सगळ्यांत मोठा पक्ष तरीही त्यांचाच आला. खटला संपला सप्टेंबर २०२३ मध्ये, निर्दोष मुक्ततेने. तेवढ्या अवधीत ते मुख्यमंत्री, मग ऐंशी तासांचे मुख्यमंत्री, मग विरोधी पक्षनेते आणि मग उपमुख्यमंत्री होऊन गेले. आरोपीच्या पिंजऱ्यापुढे नावाची पाटी लावायची असती तर रंगाऱ्याला कायम नोकरी लागली असती. २०२४ ला ते ३९,७१० मतांनी जिंकले, पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि काँग्रेसच्या पराभूत उमेदवाराच्या याचिकेवर एप्रिल २०२५ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांना समन्स काढलं.

पंतप्रधानांच्या खुर्चीवरच्या माणसाला हात घातला आणि तो लागला, असं एकदाच झालं. १९७१ ची रायबरेली, राजनारायण इंदिरा गांधींसमोर पडले एक लाखाहून जास्त मतांनी. त्यांचा एक आरोप असाही होता की मतपत्रिकांवर रासायनिक शाई वापरली, मारलेला शिक्का उडून जातो आणि दुसरीकडे उमटतो. मशीनवाल्यांनी आपले पूर्वज ओळखून ठेवावेत. शाईचा आरोप कुठेच टिकला नाही. टिकलं काय, तर सभेचं व्यासपीठ सरकारी यंत्रणेने बांधलं आणि इंदिराबाईंचे निवडणूक प्रतिनिधी यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा वेळेत नव्हता. एवढ्यावर १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवड रद्द केली. तेरा दिवसांनी आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये घटनाच दुरुस्त झाली, निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात इंदिराबाई जिंकल्या. याचिकाकर्ता तेव्हा तुरुंगात. यशस्वी याचिकेचा धोका म्हणतात तो हा. हरलेल्या याचिकेत निदान जेवायला घरी जाता येतं.

राष्ट्रपतींच्या बाबतीत आपण सभ्य. १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांच्याविरुद्ध एक निनावी, घाणेरडं पत्रक संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये फिरलं. जिंकलेले व्ही. व्ही. गिरी यांच्यावर याचिका झाली, आणि विद्यमान राष्ट्रपती स्वतः सर्वोच्च न्यायालयात येऊन साक्ष देऊन गेले. याचिका फेटाळली गेली. मग १९७४ मध्ये कायदा सुधारला. पत्रक छापणाऱ्यांसाठी नव्हे, याचिका करणाऱ्यांसाठी : उमेदवार सोडून कोणाला जायचं असेल तर वीस मतदार सोबत आणा.

आता गावाकडे. ग्रामपंचायतीच्या निकालाला पंधरा दिवसांत आव्हान द्यायचं, तेही तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशापुढे, म्हणजे घाट चढायची गरज नाही. धोका मात्र घाटापेक्षा मोठा. पाकीट वाटल्याचा आरोप फौजदारी गुन्ह्याइतका पक्का सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणजे ज्याने पाकीट घेतलं तो. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने दोषी. तेव्हा शपथेवर सांगायचं काय, तर मी पैसे घेतले. वकील विचारणार, किती घेतले? मग विचारणार, मत कोणाला दिलं? आणि बाहेर व्हरांड्यात अर्धी भावकी उभी, जिला या माणसाने दोन्हीकडची पाकिटं घेतल्याची कुणकुण आधीच आहे. असा साक्षीदार तारखेच्या आदल्या रात्री सुरतेला मुलाकडे निघून जातो. राहता राहिला याचिकाकर्ता. त्याची विहीर मंजूर व्हायची असते, गोठ्याचं प्रकरण पंचायतीत पडलेलं असतं, मुलीच्या लग्नाला रहिवासी दाखला हवा असतो. त्या प्रत्येक कागदावर सही कोणाची, हे त्याला माहीत असतं. प्रतिवादीलाही.

वर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९७ आहे. विधानसभेच्या याचिकेत तुम्ही नुसती निवड रद्द करा म्हणालात तर ठीक. पण त्यांच्या जागी मलाच विजयी घोषित करा अशी हाव धरलीत, की समोरच्यालाही म्हणता येतं : आता यांचीही पाकिटं मोजा. हे कलम वाचल्यावर बऱ्याच दुसऱ्या क्रमांकांची न्यायावरची श्रद्धा एकदम माफक होते.

याउपर याचिका केलीच, आणि मधल्या दोन वर्षांत आपलाच पक्ष प्रतिवादीच्या पक्षात विलीन झाला, किंवा फुटून तिकडे गेला, किंवा नेत्यांनी मुंबईत एकमेकांना पेढे भरवले, तर काय करायचं? महाराष्ट्रात अलीकडे हा प्रश्न सर्रास येतो. व्यासपीठावर शेजारी बसायचं आणि खंडपीठात समोरासमोर, हे फार दिवस झेपत नाही. याचिका मागे घ्यायला जावं तर कायद्याने तीही चोरून घेता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते, सौदा तर झाला नाही ना हे पाहिलं जातं, राजपत्रात नोटीस छापावी लागते. आणि ती वाचून, जो मुळात याचिका करू शकला असता असा कोणीही चौदा दिवसांत पुढे येऊन म्हणू शकतो, यांच्या जागी मी लढतो. राजपत्र कोणी वाचत नाही अशा भ्रमात राहू नका. तुमच्याच पक्षातला, तिकीट कापलं गेलेला तो जुना कार्यकर्ता आठवतो ना? तो वाचतो.