काय दिवे लावलेत!

प्रति,
श्री. हिरवा दिवा,
लॅनच्या खाचेशेजारी, माझा लॅपटॉप,
मु. दासवे, लवासा, ता. मुळशी, जि. पुणे

स. न. वि. वि.

परवाच्या पावसात टेमघरच्या घाटाकडे कुठेतरी केबल तुटली. खिडकीतून वरसगावचं पाणी दिसेना, स्क्रीनवर पान उघडेना. दिसत होतात ते फक्त आपण, हिरवेगार. कोपऱ्यातलं चिन्ह 'इंटरनेट नाही' म्हणून सांगत होतं, पण मी पडलो आपला भक्त. पाऊण तास एका फॉर्मचं 'सबमिट' दाबत बसलो.

आपली साक्ष किती लांबीची, ते नंतर कळलं. दोन मीटर! भिंतीवरच्या राउटरच्या डब्यापर्यंत. डबा इन्व्हर्टरवर जिवंत होता. त्याची धुगधुगी तारेतून आली आणि तेवढ्यावर आपण दाखला देऊन मोकळे. आपले वाडवडील 10 मेगाबिटच्या काळात दर 16 मिलिसेकंदांच्या आसपास येणारा एक ठोका ऐकून 'आहे, आहे' म्हणायचे. आता तर पाठवायला काही नसलं तरी तारेत अखंड बडबड चालू. ती कानावर पडली की कार्डातल्या नोंदवहीत एक बिट 1 होतो, लिनक्समध्ये 'कॅरिअर' नावाच्या फाइलीत तोच 1 उतरतो. घाटात काय झालं, हे कोणी विचारलंय?

चहाड्या करण्यात मात्र आपलं घराणं तरबेज. तार क्षणभर हलून परत जुळली, तरी तो बिट कोणी येऊन वाचेपर्यंत 0 वरच अडून बसतो. विंडोज तर तार निघाल्याचं कळताच कार्डाचा आयपी पत्ता काढून घेतं. पण बाहेरची केबल डोंगरात तुटली तर हूं नाही की चूं नाही.

आपला भरवसा नाही म्हणून बिचारं विंडोज स्वतः बाहेर जाऊन एक चिमुकली फाइल मागतं. 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' हे तीन शब्द जसेच्या तसे हाती आले तरच नेट आहे म्हणतं. अँड्रॉइडला 204 या आकड्यासह आलेलं रिकामं उत्तर पुरतं.

आपण मुक्काम तरी बरा निवडलात. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती, 2010 साली पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, 2018 साली दिवाळखोरीची प्रक्रिया. लांबून मात्र इथलेही रंग झकास दिसतात.

रेंजसाठी गच्चीवर जाऊन तक्रार नोंदवली. पलीकडून पहिला प्रश्न: "सर, हिरवा लाइट लागलाय ना?" लागलाय म्हटलं. "मग आमच्याकडून ओके आहे."

हे पत्र मेल करणार होतो. ते शक्य नसल्याने कागदावर लिहून आपल्याच तोंडावर चिकटवतो आहे. टेप काळी आहे.

आपला,
'सबमिट' दाबून बोट दुखलेला