एका मीटरवर चार बिऱ्हाडं

अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून त्याला जाग येईपर्यंत चहा होतो. होतो म्हणजे, खाली जाऊन दूध आणून होतो. आतली हार्ड डिस्क मिनिटाला 7200 वेळा गरगरते, पण एवढं फिरूनही तिला सोसायटीचा ताळेबंद सापडत नाही. अण्णा खजिनदार आहेत. गेली अकरा वर्षं बिनविरोध, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि मी नवा कॉम्प्युटर जुळवायचं मनावर घेतलं. बजेट पंधरा हजार. भाच्याने टाकलेला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम, जुनाच डबा, जुनाच मॉनिटर. नवी घ्यायची ती फक्त पॉवर सप्लाय आणि एसएसडी. नेमकं तेव्हाच जगभरच्या डेटा सेंटरांनी एआयसाठी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव चढू लागले. कुठल्याशा यंत्राला कविता करायची हौस आली, त्याचा भुर्दंड डोंबिवलीतल्या खजिनदाराला.

‘‘एसएसडी म्हणजे?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘न फिरणारी डिस्क.’’

‘‘मग चालते कशी?’’

प्रश्न रास्त होता. मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. स्वस्तातली वस्तू घेण्याइतका महागडा उद्योग नाही. पाचशे रुपये वाचवायला मी चार रात्री घातल्या. 256 जीबी बघायला गेलो की 500 जीबी थोड्याच जास्त पैशांत दिसायची, आणि 500 वर बोट ठेवलं की एक टीबी शेजारून खुणावायची. साड्यांच्या दुकानात मी बाहेर बाकावर बसून ज्या गोष्टीला नावं ठेवत आलो, तेच मी आता स्वतः अंथरुणात पडून करत होतो.

एके रात्री दोन टीबीची डिस्क नऊशे रुपयांत दिसली. हातपाय गार पडले. पुढे कळलं की अशा डबीत चिकटपट्टीने लावलेलं मोबाईलचं कार्ड निघतं आणि ते कॉम्प्युटरला आपली जागा बिनदिक्कत खोटी सांगतं. जोवर तुम्ही थोडंच भरता, तोवर सगळं ठीक. भिशी चालवणाऱ्याचंही असंच असतं.

शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवाला तुम्हाला सबंध मुंबई दाखवेल. अण्णांचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलेलं, त्यामुळे हा त्यांचा जुना इलाखा. दुकान सहा बाय आठचं. शेठने काउंटरवर तीन डिस्का मांडल्या. दोन च्युइंग गमच्या पट्टीसारख्या, 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब. तिसरी अडीच इंची, साटावाली.

‘‘ही साडेपाचशेची, ही साडेतीन हजारची,’’ शेठ म्हणाला.

अण्णांनी पाकीट परत खिशात घातलं. ते भाव नव्हते, वेग होता. सेकंदाला साडेपाचशे एमबी आणि साडेतीन हजार एमबी, हे समजावेपर्यंत पाच मिनिटं गेली.

‘‘मला ताळेबंद उघडायचाय, अग्निबाण सोडायचा नाही,’’ अण्णा म्हणाले. त्यांचं खरं होतं. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की डोळे दिपतात. त्यापुढचा फरक अण्णांच्या कामाला सेकंद-दोन सेकंदांचा. पण दोन्हींच्या किमतीत फरकच उरला नव्हता, म्हणून वेगवान पट्टी ठरली.

आता दोन पट्ट्या उरल्या. दिसायला जुळ्या, किमतीत चारशेचा फरक. ‘‘ही टीएलसी, ही क्यूएलसी. एका सेलमध्ये तीन बिट, नाहीतर चार,’’ शेठ म्हणाला. मी बोलायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला. त्यांची उभी हयात विजेची मीटरं वाचण्यात गेली आहे.

‘‘सेल म्हणजे काय? विजेचा साठा?’’

‘‘हो. आत किती विद्युतभार अडकलाय, ते मोजून ओळखायचं.’’

‘‘म्हणजे एका मीटरवर बिऱ्हाडं,’’ अण्णा म्हणाले, आणि पुढची पाच मिनिटं त्या सहा बाय आठमध्ये जे व्याख्यान झालं ते ऐकायला शेजारचा केबलवालाही आला. एका मीटरवर एकच बिऱ्हाड असेल तर सोपं. चकती फिरते म्हणजे माणूस घरात, थांबली म्हणजे बाहेर. दोन बिऱ्हाडं, दोघांचे दिवे निरनिराळ्या वॅटचे, तर चकतीच्या वेगावरून ओळखायच्या चार तऱ्हा. तीन बिऱ्हाडांच्या आठ. चार बिऱ्हाडं असली की सोळा! एकाच चकतीकडे बघून सांगायचं की जोशी घरात, परब बाहेर, पेडणेकरांकडे पाहुणे.

‘‘आणि मीटर जुनं झालं की चकती अडखळते,’’ अण्णा हळूच म्हणाले. ‘‘दोन तऱ्हा असतील तर कळतं तरी. सोळांत जोश्यांचं बिल परबांना जातं.’’

क्यूएलसीचं दुखणं इतक्या नेमकेपणाने मी चार रात्रींत कुठेही वाचलं नव्हतं. शेठने ती पट्टी स्वतःहून उचलून खाली ठेवली.

‘‘काका, ही टीएलसी 300 टीबी लिहिली तरी वॉरंटी. नाहीतर पाच वर्षं. जे आधी होईल ते.’’

दिवसाला 20 जीबी लिहिलं जातं असं धरून मी मोबाईलवर हिशेब केला. पंधरा हजार दिवस. एक्केचाळीस वर्षं. अण्णा शहात्तर.

‘‘म्हणजे एकशे सतरा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पावती जपून ठेव.’’

परतीच्या वाटेवर दादरला गाडी बदलताना मी त्यांना सांगितलं की ही मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओकांनी 1980 च्या दशकात शोधली, आणि ‘फ्लॅश’ हे नाव एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या झोतावरून सुचलं. लख्ख झालं की क्षणात सगळं पुसलं जातं. ‘‘परवा स्वयंपाकघरात गेलो तेव्हा माझं तेच झालं,’’ अण्णा म्हणाले.

घरी पट्टी खाचेत सरकवली. ती तिरकी उभी राहिली, कारण तिला आडवं दाबून धरणारा स्क्रू भाच्याच्या बोर्डावर नव्हता. तांदळाच्या कणीएवढा तो स्क्रू! अण्णांनी माळ्यावरून डालड्याचा डबा काढला. त्यात 1974 पासूनचे स्क्रू आहेत. रेडिओचे, शिलाई मशीनचे, पाळण्याचे, एक तर आजोबांच्या छत्रीचा. वर्तमानपत्रावर ओतून आम्ही दोघं भिंग घेऊन तास-दीड तास बसलो. एकही बसेना. शेवटी अण्णांनी पट्टीवर बोट दाबून धरलं आणि त्याच अवस्थेत मी कॉम्प्युटर चालू केला. चहा ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

‘‘500 जीबीचे पैसे दिलेत ना?’’ अण्णा बोट न हलवता म्हणाले. ‘‘इथे 465 लिहिलंय.’’

कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, असं मी सांगू लागलो, तोच ते म्हणाले, ‘‘कळलं. बिल्टअप आणि कार्पेट.’’

सोमवारी आम्ही पुन्हा लॅमिंग्टन रोडला. दादरला बदलून, एका स्क्रूसाठी. शेठने ड्रॉवर उघडला, दहा रुपये म्हणाला. अण्णांनी दहाचे सहा केले, मग दोन स्क्रू दहाला मागून घेतले. एक बोर्डाला लागला. दुसरा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला, वर बॉलपेनने ‘डिस्कचा, 2025’ असं लिहिलं आणि डालड्याच्या डब्यात टाकला.