मीटरवाला मिस्त्री

धर्माबादेत वायरमन दोन तऱ्हेचे भेटतात. एक खिशाला टेस्टर लावणारा, दुसरा पिशवीत मल्टिमीटर ठेवणारा. गावाचा जीव पहिल्यावर. तो येतो, स्टुलावर चढतो, टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवतो, आतला लाल दिवा लागला की ‘फेज हाय’ म्हणून मोकळा होतो आणि चहा उकळायच्या आत एखादा स्विच बदलून खाली उतरतो. दुसऱ्याचं सगळंच निवांत. तो आधी मीटरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवून ‘पीं’ वाजतंय का बघतो, मग विचारतो, ‘कधीपासून असं होतंय? पाऊस झाल्यावर की कूलर लावल्यावर?’ एव्हाना घरमालकाचा घाम शर्टातून बाहेर आलेला असतो. ‘अन्ना, लाइट लावायला आलात की पंचनाम्याला?’ असा टोमणा बसतो. माझ्या मते पैसे मात्र या पंचनामेवाल्यालाच द्यावेत.

टेस्टरला एकच गोष्ट कळते : या टोकाला जमिनीच्या मानानं दाब आहे की नाही. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, शाबूत आहे की तुटली, हे त्याच्या बुद्धीपलीकडचं. न्यूट्रल तुटला आणि घरात एखादा पंखा चालू राहिला असेल, तर पंख्यातून फिरून आलेला फेज न्यूट्रलच्या भोकातही उभा राहतो. टेस्टर दोन्हीकडे लागतो. टेस्टरवाला भुवया उंचावतो, ‘रिटर्न मारतंय’ असं निदान करतो आणि अर्थिंगच्या वायरीवरून न्यूट्रल घेऊन देतो. पंखा फिरतो, सगळे खूश! पण मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक असतो. त्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मग त्याच अर्थिंगला जोडलेल्या लोखंडी कूलरच्या अंगात करंट उतरतो आणि हात लावणाऱ्याला तो सापडतो. मीटरवाला तीन जोड्या मोजतो. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच नाही, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये पुन्हा भरपूर. न्यूट्रल गेला, हे त्याला बोर्ड फोडण्याआधी कळतं. मग मेन स्विच बंद करून तो ‘पीं’च्या मागं मागं जातो आणि माळ्यावरच्या डब्यात नुसत्या पिळा मारलेल्या, काळ्या पडलेल्या जोडापाशी थांबतो.

धर्माबाद हे मिरचीचं गाव, म्हणजे थ्री फेज मोटारींचंही गाव. कांडपाची मोटार नुसती घुरघुरते, फिरत नाही. टेस्टरवाला तिन्ही फेजला टेस्टर लावतो, तिन्हीकडे दिवा लागतो, निकाल ठरतो : ‘वाइंडिंग गेली, मोटार खोला.’ वास्तविक एक किटकॅट फ्यूज उडालेला असतो आणि मेलेल्या फेजवर मोटारीच्या वाइंडिंगमधूनच उसना दाब येत असतो. मीटरवर मात्र एका जोडीत ४१५ च्या जवळपास आणि उरलेल्या दोन्हींत निम्मंच दिसतं. किटकॅटच्या तारेसाठी मोटार खोलायला निघालेल्या माणसाला गाव ‘हुशार’ म्हणतं, याचं मला नवल वाटतं.

मीटरही फसवतो, असं टेस्टरवाले म्हणतात, आणि ते खरं आहे. कुठंही न जोडलेल्या वायरीवर डिजिटल मीटर पन्नास-साठ व्होल्ट खुशाल दाखवतो. दहापैकी नऊ तारा तुटलेल्या वायरीतून ‘पीं’ही वाजतं आणि २३० ही दिसतात, गीझर लावला की दाब कोसळतो. ओलीतून होणारी गळती तर त्याच्या ९ व्होल्टच्या बॅटरीला दिसत नाही, तिथं ५०० व्होल्टचा मेगर लागतो. पण म्हणूनच जाणत्या मीटरवाल्याच्या पिशवीत होल्डरला लावलेला १०० वॉटचा बल्बही असतो. आकड्यावर संशय आला की तो बल्ब लावून दाब टिकतो का बघतो. राहिला त्याचा तोरा. रिमोटचे सेल, शेजाऱ्याच्या मोटारसायकलची बॅटरी, देवघरातली दिव्यांची माळ, तो सगळं न विचारता मोजतो आणि आकडा सभेत वाचावा तसा वाचतो. नवशिका असेल तर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला जातो. मग स्वस्तातला मीटर, बोर्ड आणि भुवया एकदमच जळतात. हे दोष आहेतच, पण ते माणसाचे. मेन स्विच बंद न करता बोटानं वायर चाचपणाऱ्या ‘अनुभवी’ हातापेक्षा ते परवडले.

तेव्हा तासभर मोजून त्यानं शेवटी एकच स्क्रू आवळला, तरी ठरलेल्या मजुरीत घासाघीस करू नका. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात आजच बादलीभर पाणी ओता.