पट्टेवाल्याची भेट

‘माशी लावन मासो गावता?’ आईने मालवणहून विचारलं, आणि मी एडिसन, न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून गप्प उभा राहिलो. फ्लाय फिशिंगचं मराठी करू नये. केलं की हसू येतं, आणि ज्याला येत नाही त्याला काळजी वाटते.

आमच्या घरात तीन पिढ्या गरवायला जातात. काकाची बांबूची काठी, काठीला दोरी, दोरीला गरी, गरीला सुंगट. खाडीच्या कडेला तासभर बसून काका दोन-चार तांबोशी घेऊन घरी. या सगळ्यात माशीचा संबंध आलाच तर मासे कापताना, आणि तोही तिला हाकलण्यापुरता.

‘अगं, खरी माशी नाही. पिसांची करतात.’

‘मगे माशाक कळणा नाय?’

‘कळतं. बहुतेक वेळा कळतं. त्यातच तर मजा आहे.’

आईने फोन बाबांकडे दिला.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माशाचं नाव स्ट्राइप्ड बास. इथले लोक लाडाने स्ट्रायपर म्हणतात. मी मनातल्या मनात त्याला पट्टेवाला म्हणतो. एक तर त्याच्या रुपेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळे पट्टे असतात. दुसरं म्हणजे सरकारी कचेरीतल्या पट्टेवाल्यासारखा तोही जागेवर कधी नसतो. आत्ता होता, इथेच होता, जरा पलीकडे गेलाय, उद्या या. उद्या गेलात तर भरती चुकलेली असते.

राहतो मात्र अगदी शहराच्या उंबऱ्यावर. भारतातून आलेले पाहुणे बोटीत बसून स्वातंत्र्यदेवीचे फोटो काढतात, तेव्हा खालून तीन-तीन फुटी मासे हडसन नदीकडे चाललेले असतात हे त्यांच्या गावीही नसतं. वसंतात हा मासा अंडी घालायला नदीत चढतो, मग पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरतो. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला पूल, डोक्यावर हेलिकॉप्टर. याला कशाचंच काही नाही. दादरच्या पुलाखाली झोप काढणाऱ्या माणसासारखा तो या गोंगाटात निवांत.

मला या नादाला लावलं शेजारच्या निवृत्त प्लंबरने. मी त्यांना प्लंबरकाका म्हणतो. अर्थ त्यांना ठाऊक नाही, पण हाकेला ओ देतात. त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते असं: साध्या गळाला वजन असतं, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे माशीला वजनच नाही, वजन दोरीला. म्हणून फेकायची दोरी, माशी तिच्या मागून फुकट जाते. नऊ फुटी काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची. वेग हवा असेल तर त्याच वेळी डाव्या हाताने ताक घुसळल्यासारखे झटके द्यायचे.

‘थांबायचं’ हा त्यातला अवघड भाग. डोंबिवली लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला पाठीमागे काय चाललंय त्याची वाट पाहायची सवय नसते. मी घाई करी आणि दोरी सपकन पाठीवर बसे. आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर संध्याकाळी सात वाजता एक मध्यमवयीन सॉफ्टवेअरवाला पोतराजासारखे स्वतःच्या अंगावर आसूड ओढतोय, हे दृश्य समोरच्या बाल्कनीतल्या गुजराती मासी रोज पाहत. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी वरूनच विचारलं, ‘भाई, पतंग क्यां छे?’

मग सामान आलं. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तिला पट्टा, आणि ओढून घेतलेली दोरी पायात अडकू नये म्हणून कमरेला बांधायची टोपली. दुकानात ती महाग मिळते, म्हणून अनुभवी मंडळी भांडी घासायचा प्लॅस्टिकचा टब घेऊन त्याला लवचीक दोरी लावतात. मीही लावली. आरशात पाहिलं तर चौपाटीवरचा चणेवाला. बायको म्हणाली, ‘आता निदान भांडी तरी घासून टाक.’

माश्या घरी बांधायच्या असतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली लेफ्टी क्रे या मेरीलँडच्या गृहस्थांनी बांधलेली. तिचं नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे चक्क ‘फसव्या’. कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं, हरणाच्या शेपटीचे केस, थोडी चकाकी, आणि पाण्यात ती चिमुकल्या माशासारखी वळवळते. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं. फसवण्याचा इतका उघड सन्मान मी दुसरा पाहिलेला नाही. जेवणाच्या टेबलाला पकड लावून मी रात्री अकराला बांधायला बसे. माझी पहिली फसव्या पाहून मुलीने विचारलं, ‘बाबा, ही मेली का?’ आणि एका श्रावणी सोमवारी वरणात कोंबड्याचं पीस निघालं. त्यानंतरचा अर्धा तास मी येथे देत नाही.

माझा बचाव असा होता की या खेळात मासा खायचा नसतो, पकडून सोडायचा असतो, म्हणजे हा प्रकार शुद्ध शाकाहारी आहे. शिवाय श्रावण खुद्द मासाच पाळतो. ऑगस्टमध्ये इथलं पाणी तापतं आणि मोठे पट्टेवाले थंडाव्याला मॅसॅच्युसेट्स, मेनकडे निघून जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाणी गार झालं की दक्षिणेला जाता जाता पुन्हा आमच्या दारावरून जातात. एवढा पंचांगाप्रमाणे वागणारा प्राणी माझ्या सासरीही नाही.

पण याच्या थोरवीची खरी गोष्ट मॅनहॅटनच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे, आणि ती मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तिथे वेस्टवे नावाचा महामार्ग व्हायचा होता. हडसनमध्ये भराव घालायचा, त्यात रस्ता, वर बाग, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. राजकारणी तयार, बिल्डर तयार, कामगार संघटना तयार. त्या जागी पाण्यात होते नुसते जुन्या धक्क्यांचे कुजके खांब. मग कोणीतरी पाहिलं की त्या खांबांच्या आडोशाला पट्टेवाल्याची पोरं हिवाळा काढतात. १९८२ साली न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी माशांचा पुरावा नीट तपासला नाही म्हणून परवानगी अडवली, आणि १९८५ साली शहराने नाद सोडला. रस्त्यासाठीच्या पैशांतला मोठा हिस्सा भुयारी रेल्वे आणि बसकडे वळला. साहेब हो म्हणाले, सचिव हो म्हणाले, आणि फाईल अडली ती पट्टेवाल्यापाशी. आपल्याकडे याहून वेगळं काय होतं?

बाकी कायद्याचं आणि त्याचं नातं फार जुनं. १६३९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने हा मासा शेताला खत म्हणून घालू नये असा हुकूम काढला. इतका मासा होता. आमची आजी माडाच्या मुळाशी तारल्या पुरायची, तिला हा हुकूम मुळीच आवडला नसता. पुढे लोकांनी एवढा उपसला की १९८४ मध्ये त्याला वाचवायला देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि मेरीलँडने तर १९८५ पासून पाच वर्षं त्याला हात लावायला बंदी घातली. तो सावरला. आता पुन्हा कमी झालाय. म्हणून २०२३ पासून समुद्रावर नियम असा की दिवसाला एकच ठेवायचा, आणि तोही अठ्ठावीस इंचांहून कमी नको, एकतीसांहून जास्त नको. मोठ्या माद्या अंडी जास्त घालतात, त्या वाचाव्यात हा हेतू. मी नियम वाचला तेव्हा मला वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतला रकाना आठवला. उंची अमुक ते अमुक, बाकी अटी नाहीत. आणि न्यूयॉर्क बंदरातला ठेवलाच, तर महिन्यातून किती वेळा खावा हे आरोग्य खात्याचं पत्रक मोजून सांगतं, कारण हडसनमध्ये पूर्वी कारखान्यांनी सोडलेली रसायनं अजून गाळात आहेत. हे मी आईला अद्याप सांगितलेलं नाही.

आमचं ठिकाण सँडी हुक. नावातच गळ. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कच्या बंदराकडे वळलेली वाळूची लांब आकडी, तिच्यावर १७६४ सालचं दीपगृह, आणि पाण्यापलीकडे वेराझानो पूल व मॅनहॅटनचे मनोरे. जूनमध्ये तिथे माझ्या माशीला पहिला मासा लागला. तो सी रॉबिन होता. पंखांसारखे पर, त्यांखाली चालायला पायांसारखी बोटं, आणि पाण्याबाहेर काढल्याबरोबर त्याने भरपेट जेवलेल्या काकासारखा घोगरा आवाज काढला. माझ्याशी तक्रारीच्या सुरात बोललेला तो पहिला मासा. त्याच दिवशी परतताना मी वाट चुकलो आणि गनिसन बीचवर निघालो. तिथे कपडे घालण्याची सक्ती नाही. दीड-दोनशे माणसं जन्मली तशी ऊन खात पडलेली, आणि त्यांच्यामधून मी, छातीपर्यंत रबरात, कमरेला टब. त्या साऱ्या किनाऱ्यावर लाज वाटत होती ती फक्त मला.

असे पाच महिने गेले. पट्टेवाला भेटला नाही. प्लंबरकाकांना भेटला, त्यांच्या मेहुण्याला भेटला, धक्क्यावर गळाला मासळी लावून बसलेल्या शाळकरी पोराला भेटला. मी आपला माश्या मारत होतो. वाक्प्रचार इतका तंतोतंत जगलेला दुसरा मराठी माणूस नसेल.

मग नरक चतुर्दशीची पहाट आली. चार वाजता उठलो. बायको झोपेतच समाधानाने म्हणाली, ‘अभ्यंगाला उठलास? शहाणा.’ मी खोटं बोललो नाही, फक्त बोललो नाही.

सँडी हुकला पोचलो तेव्हा अंधार होता आणि वारा वायव्येचा, म्हणजे नेमका काठीच्या हातावर. उजाडायला लागलं तशी पाखरं दिसली. आधी दहा, मग शंभर, एकाच जागी पाण्यावर तुटून पडलेली. खाली बंकर नावाच्या तेलकट माशांचा थवा होता, आपल्या तारलीच्या भावकीतला. त्यांना खालून पट्टेवाले हाणत होते आणि वरून पाखरं. पाणी भाताच्या आधणासारखं उकळत होतं. किनाऱ्यावरची माणसं धावू लागली. टब सांभाळत मीही धावलो, गुडघाभर पाण्यात गेलो, काठी मागे नेली, आणि आयुष्यात प्रथमच थांबलो. दोरी मागे सरळ झाली. पुढे फेकली. माशी बरोबर उकळीत पडली.

काही झालं नाही.

दुसऱ्यांदा फेकली, ती टोपीत अडकली. ती सोडवेपर्यंत एक लाट आली आणि रबरी विजारीच्या वरून आत शिरली. अटलांटिकचं ऑक्टोबरातलं पाणी एका दमात घोट्यापर्यंत गेलं. ‘पहिली आंघोळ झाली,’ मी मोठ्याने म्हणालो. मराठीत. तिसऱ्यांदा फेकली, दोरी हाताने ओढू लागलो, आणि कोणीतरी पाण्याखालून ती माझ्या हातातून काढून घेतली. हिसकली नाही, काढून घेतली. टबातली दोरी सर्रकन सुटली, बोटांत जळाली, काठी धनुष्य झाली.

दहा मिनिटांनी तो उथळ पाण्यात कुशीवर आडवा होता. पाठ शेवाळी हिरवी, बाजू रुपेरी, आणि पट्टे दुरेघी वहीसारखे. दोन रेघा मात्र मधेच तुटून खाली घसरलेल्या, पहिलीतल्या पोराने ओळ सोडल्यासारख्या. धारदार दात नसतात त्याला. म्हणून अंगठा तोंडात घालून खालचा जबडा धरायचा. आत खोबऱ्याच्या किसणीसारखं खरखरीत. जबड्याच्या कोपऱ्यात माझी फसव्या, एक पीस उरलेली, बाकी टक्कल.

प्लंबरकाकांनी पट्टी लावली. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

‘साडेएकतीस,’ ते म्हणाले.

स्थळ चांगलं होतं, उंची अर्ध्या इंचाने जास्त. मी फोटो काढायला खिशातून फोन काढला, तर त्यालाही अभ्यंगस्नान झालेलं होतं. प्रवाहाकडे तोंड करून मी माशाला पाण्यात धरलं. कल्ले दोनदा-तीनदा उघडझाप झाले, मग त्याने माझ्या अंगठ्यावर जबडा एकदा आवळला आणि शेपटीने तोंडावर पाणी उडवून निघून गेला. ऑफिस बंद.

घरी आलो तर पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, आणि उटण्याची वाटी हातात घेऊन बायको दारात उभी. ती काही बोलली नाही, नेहमीपेक्षा जरा जोरात उटणं चोळलं, एवढंच. अंगठा झोंबला. त्याची सालपटं निघाली होती. तेवढ्यात मुलीने टॅब आणून माझ्या तोंडासमोर धरला. आईचा व्हिडिओ कॉल.

‘कारीट फोडलंस?’

‘इथे मिळत नाही गं. काकडी ठेवली आहे.’

‘नि मासो?’

‘गावला! साडेएकतीस इंच!’

‘खरा? दाखय बघया.’

दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी अंगठा वर केला. सालं गेलेला, उटण्याने पिवळा झालेला. आईने चष्मा लावून तो नीट पाहिला. मग मान वळवून आत ओसरीवर बसलेल्या बाबांना हाक मारली.

‘आयकलात काय? माशान ह्येका ठेंगो दाखवल्यान!’