खाली काय आहे?

मुंबईत माणूस घराची चौकशी वरून करतो. कितवा मजला, लिफ्ट किती, हवा कुठून येते, गच्चीची किल्ली कोणाकडे असते. चौकशी खालून करणारी एकच जात आहे, ती म्हणजे पायाकाका. गिरगावात वाडीगणिक एक तरी सापडतो. खरं नाव रेशनकार्डावर असतं आणि ते तिथंच राहतं.

आमच्या चाळीतले पायाकाका इंजिनिअर नव्हेत. हे ते स्वतःच आधी सांगतात, कारण त्यानंतर इंजिनिअरांबद्दल बोलायला मोकळीक मिळते. पस्तीस वर्षं त्यांनी एका बोअरिंगवाल्याकडे सुपरवायझरी केली. काम एकच: फटके मोजणे. तिकाटण्यावरून ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाइपाच्या डोक्यात सोडायचा. पाइप ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत सोडत राहायचा. पहिल्या पंधरा सेंटिमीटरचे फटके हिशोबात धरायचे नाहीत, पुढच्या तीसचे धरायचे. दोन-तीन फटक्यांत पाइप लोण्यात सुरी जावी तसा गेला की गाळ, वीस-पंचवीस लागले की बरी जमीन, आणि पन्नास मारूनही हलायला तयार नसला की वहीत लिहायचं, ‘रिफ्युजल’.

पस्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला दुसरं काही मोजता येत नाही. गणपतीची वर्गणी मागायला आम्ही काकांना बरोबर न्यायचो, ते दारावरच्या थापा मोजायचे. चौथ्या थापेला उघडलं की ‘मऊ’. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीपुढे ते उभेसुद्धा राहत नसत. “रिफ्युजल. पुढे चला.”

काकूंच्या उकडीच्या मोदकांची उकडही या तपासणीतून सुटत नाही. परातीत अंगठा दाबून बघायचा. अंगठा सहज शिरला तर मऊ चिकणमाती, जोर लावून नुसता ठसा उमटला तर घट्ट, आणि नखच काय ते रुतलं तर कडक. ही चाचणी खरी आहे, साइटवर मातीची अशीच करतात. पण साइटवर परात नसते आणि परातीमागे काकू नसतात.

शहराचा भूगोल काकांना बसच्या पाट्यांवरून पाठ आहे. त्यांच्या मते बेस्टने तिकिटाबरोबर जमिनीचा अहवाल फुकट दिलेला आहे, वाचता आला पाहिजे. “धोबीतलाव. तलाव कुठाय? बुजवला. सी. पी. टँक. टँक कुठाय? बुजवला. गोवालिया टँक, तोही बुजवला. पायधुणीला पाय धुवायला पाणी होतं, उमरखाडीला खाडी होती. आणि चिखलवाडीबद्दल मी काही बोलायला हवं का?” एका बाजूला मलबार हिलचा खडक, दुसऱ्या बाजूला डोंगरी-माझगावचा, आणि मध्ये आपण ताटलीत सांडलेल्या आमटीसारखे. १७८४ च्या सुमारास वरळीच्या खाडीवर हॉर्नबीचा बांध पडला तेव्हा कुठे भरतीचं पाणी आत यायचं थांबलं. “पाणी थांबलं,” काका बोट वर करून सांगतात, “गाळ कुठे गेला? तो आपल्या खाली आहे.”

लालबागचा पायाकाका जरा वेगळा. तो बस बघत नाही, विसर्जनाच्या ट्रॉलीची चाकं कुठे रुतली ते बघतो आणि तेवढ्यावर खालची भरणी ओळखतो. दादरच्या हिंदू कॉलनीतला सगळ्यात सभ्य. तो इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या गोष्टी सांगतो, १८९८ साली प्लेगनंतर ट्रस्ट कसा निघाला, सखल जागा भरून प्लॉट कसे पाडले. आणि हे सगळं अशा थाटात, की वाटावं पहिली पाटी त्याच्याच आजोबांनी टाकली. तिघांची एकदा गाठ पडली होती, एका लग्नात. मुहूर्ताच्या अक्षता तिघांनीही टाकल्या नाहीत. ते मंडपाचा खांब रोवलेला खड्डा बघायला गेले होते.

आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा बिल्डरची मुलं चौकात पडदा लावून गेली. बावीस मजले, वर पोहण्याचा तलाव. (तलाव बुजवून वसलेल्या गावात बाविसाव्या मजल्यावर तलाव. यावर काका काही बोलले नाहीत, नुसते हसले.) लोकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. देवघर पूर्वेला येईल का, कपडे वाळत कुठे घालायचे, कॉर्पस किती. मग काका उठले.

“खाली काय आहे?”

“खाली पार्किंग आहे काका. तीन लेव्हल.”

“त्याच्या खाली?”

मुलाने लॅपटॉपकडे बघितलं. “त्याच्या खाली... काही नाही.”

“काही नाही कसं? कोलकात्याच्या खाली काय असेल ते असो, गिरगावाच्या खाली काही नाही असं होतच नाही.”

कोलकाता मध्ये कुठून आलं ते कोणाला कळलं नाही, पण मुलगा घाबरला. सेक्रेटरींनी काकांना खाली बसवलं. काकांना ‘खाली’ या शब्दाचा राग नसल्यामुळे ते बसले.

ही कसर त्यांनी पाडव्याला भरून काढली. श्रीखंडासाठी काकूंनी आदल्या रात्री खुंटीला चक्का टांगला होता. काकांनी सेक्रेटरींना चहाला म्हणून बोलावलं आणि पुरचुंडीपुढे उभं केलं. “काय दिसतंय?”

“चक्का.”

“समुद्राचा गाळ दिसतोय. तोही असाच पाणी धरून बसतो. टांगल्या टांगल्या धार लागली, मग टिपटिप, पहाटे तासाला एक थेंब. आता यावर घर ठेवा.” असं म्हणून त्यांनी खरोखरच वरवंटा उचलला, काकूंनी तो हातातून काढून घेतला. “पाणी निघत राहतं. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. जेवढं पाणी जातं तेवढं घर बसतं. सगळीकडून सारखं बसलं तर पायरी एक कमी होईल, बिघडत नाही. पण एक कोपरा जास्त बसला की माझ्या दाराचं होतं तसं होतं.” काकांचं दार पावसाळ्यात लागत नसे आणि उन्हाळ्यात उघडत नसे. जमिनीवर ठेवलेली गोटी न ढकलता गॅलरीकडे जाई. पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरा होत्या. “हे सगळं टर्झागीने १९२५ साली लिहून ठेवलंय.”

सेक्रेटरींना बराच काळ वाटत होतं की टर्झागी हे दादर पारशी कॉलनीतले कोणी गृहस्थ असावेत. तो ऑस्ट्रियन होता, मातीचं शास्त्र त्याच्यापासून नीट सुरू झालं, हे काकांनी सांगितलं तेव्हा काकू आतून म्हणाल्या, “मग त्यांना म्हणावं, पुऱ्या लाटायला या.”

पण वाटी पानात आल्यावरही धडा संपला नव्हता. काकांनी श्रीखंडात चमचा उभा केला. तो हळूच कलला. मग चमचा पार बुडाला टेकवून धरला. “हा पाइल. गाळावर भरवसा ठेवायचा नाही, गाळातून आरपार जायचं आणि कातळात पाय रोवायचा. नुसतं टेकून चालत नाही, कातळात खोबण करून बसवायचा. आणि लक्षात ठेवा, वर नवी भरणी टाकली की गाळ स्वतः बसतो आणि बसता बसता पाइललाही खाली ओढतो. नातेवाइकांसारखं. आपण टेकू म्हणून ज्यांच्याकडे बघतो, त्यांचंच ओझं आपल्याला.” या वाक्याला मात्र सेक्रेटरींनी मनापासून मान हलवली. त्यांच्याकडे तेव्हा मेहुणा राहायला होता.

बोअरिंगचं तिकाटणं चौकात उभं राहिलं तो दिवस काकांच्या आयुष्यात लग्नाच्या बरोबरीचा. कदाचित वरचा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्ची टाकून बसले. घण पडायला लागला तशी चाळीतली पोरं त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. वर निघाली ती भरणी: कोळशाची राख, फुटकी कौलं, बशीचा निळ्या फुलाचा तुकडा. चार पिढ्या ज्या अंगणात खेळल्या ते अंगण म्हणजे दुसऱ्याच कोणाचा उकिरडा होता, हे बायकांना फारसं आवडलं नाही. मग काळा गाळ आला, शिंपल्यांसकट, आणि वाडीभर भरतीच्या पाण्याचा वास सुटला. काकांनी चिमटीत घेऊन हुंगला. अत्तर हुंगताना मी माणसं बघितली आहेत, चेहरा तोच. मग पिवळा मुरूम. मग पोरांचं मोजणं पन्नासावर अडलं आणि सगळी चाळ एका सुरात ओरडली, “रिफ्युजल!”

पूर्वेच्या बोअरला कातळ सहा मीटरवर लागला, पश्चिमेच्या बोअरला अकरावर. लोक म्हणाले, वा, एका बाजूला पाच मीटरचा खर्च वाचला. काकांनी कपाळाला हात लावला. “अर्धं घर माहेरी आणि अर्धं सासरी. हेच तर घातक! सगळे पाय एकाच कातळात गेले पाहिजेत.” खोक्यात रांगेने ठेवलेल्या गोल दगडी नळकांड्यांवरून त्यांनी हात फिरवला, दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे वेगळे मोजले आणि जाताना एक छोटा तुकडा खिशात टाकला. तो आता देवघरात शाळिग्रामाशेजारी आहे. काकू त्यालाही गंध लावतात. विचारलं तर म्हणतात, “यांच्यासाठी असेल दगड.”

चाळ पाडली त्याला आता दोन पावसाळे झाले. आम्ही भाड्याचा चेक घेऊन कांदिवली, डोंबिवली, जिथे जमलं तिथे आहोत. काका रोज सव्वानऊची लोकल पकडून येतात. साइटच्या पत्र्याला एक भोक आहे, त्यांच्याच उंचीचं. पहिले तीन महिने ते उभ्याने बघत, मग वॉचमनने स्टूल दिलं. स्टूल लहान पडतं म्हणून भोकही त्याने खाली नवं पाडून दिलं.

आतमध्ये पाइल भरताना काँक्रीट वरून ओतत नाहीत, नळीतून तळापासून भरत वर आणतात, म्हणजे भोकातलं चिखलाचं पाणी वर ढकललं जातं. त्यामुळे शेवटचा वरचा भाग चिखलमिश्रित, कच्चा. आमटीवरचा फेस. तो फोडून काढायचा, चांगलं काँक्रीट लागेपर्यंत, मग त्यावर पाइल कॅप. काका सांगतात तेव्हा हे मोदकाइतकं सोपं वाटतं.

गेल्या मंगळवारी चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, “काका, किती वर आलं?”

काका मोजण्यात गुंतलेले. एका हाताने टाइप केलं: “आजपासून डोकी फोडायला सुरुवात.”

पाच मिनिटं ग्रुप गप्प. मग सेक्रेटरींचा फोन आला. “कोणाची? भाडेकरूंची की बिल्डरची? पोलिसांना कळवलं का?”

“सत्तावीस झाली,” काका भोकाला डोळा लावून म्हणाले. “एकतीस राहिली. फोन ठेवा, माझं मोजायचं चुकतंय.”